तीन हात उघडा गेरू

बहिणीच्या शेतातल्या विहिरीत मी पहिल्यांदा उतरलो तेव्हा ती पस्तीस फुटांवर गेली होती. खाली जायचं ते यारीच्या बादलीतून. यारी म्हणजे विहिरीच्या काठावर रोवलेली छोटी क्रेन. इंजिन फटफटत असतं, तार सुटत जाते, आणि ज्या बादलीतून दगड वर येतो तिच्यातच उकिडवं बसून माणूस खाली जातो. दहा फुटांवर वाऱ्याचा आवाज गेला. वीस फुटांवर इंजिनही दुसऱ्याच कुणाच्या शेतात चालल्यासारखं वाटायला लागलं. वर पाहिलं तर आभाळाची एक थाळी, आणि तिच्या कडेला वाकून बघणारी माझी मोठी बहीण.

समोरून भिंत वर वर सरकत होती. आधी काळी माती, मग पिवळट मुरूम, मग पांढऱ्या ठिपक्यांचा खडक, ज्याला विहीरवाले मांजऱ्या म्हणतात. मग निखळ काळा पाषाण. आणि त्याच्याखाली सबंध विहिरीला वेढा घालून गेलेला एक लाल पट्टा. हातभर जाडीचा, वरची कड अगदी सरळ. त्याच्याखाली पुन्हा काळा पाषाण.

“गेरू लागला, गुरुजी,” खाली उभा असलेला मिस्त्री म्हणाला. मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरचा हा माणूस. मंगरूळपीर आणि मानोरा या दोन तालुक्यांत त्यानं किती विहिरी खणल्या याचा हिशोब त्याच्याकडेही नव्हता. उंच, हडकुळा, दगडाच्या भुकटीनं भुवया कायम पांढऱ्या. “आता आदी याचं तोंड झाकाव लागते.”

मी ते ऐकलं, पण कानानंच. माझा हात पट्ट्यावर होता. तो मला कोमट लागला. ऊन तिथवर पोचत नव्हतं, तेव्हा तो कोमटपणा माझ्या मनातलाच असणार. तरी आजही कुणी विचारलं तर मी तो कोमट होता असंच सांगेन.

मी कारंज्याला एका शाळेत भूगोल शिकवतो. ज्वालामुखीचा धडा इतकी वर्षं शिकवला की तो मला पाठ आहे, आणि तरी दर वर्षी तो शिकवायच्या आदल्या दिवशी मी काहीसा हरवल्यासारखा वागतो, असं घरचे म्हणतात. मुलं दर वर्षी एकच प्रश्न विचारतात, सर, आपल्याकडे ज्वालामुखी का नाही? त्यांच्या आवाजात थोडी खंत असते. मग मी त्यांना बाकावरून उठवून मैदानात नेतो आणि म्हणतो, आता पायाखाली बघा.

साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आमची ही भुई फाटली. डोंगर, त्याच्या टोकाला तोंड, असं काही नव्हतं. जमिनीलाच लांबच लांब भेगा पडल्या आणि लाव्हा चुलीवरून उतू गेलेल्या पिठल्यासारखा पसरत गेला. तो निवला, त्याचा दगड झाला. मग फार मोठा काळ काहीच झालं नाही. पाऊस पडत राहिला, दगड कुजून माती झाली, मातीत झाडं आली. आणि मग पुन्हा भुई फाटली. नवा लाव्हा त्या मातीवरून गेला आणि माती त्याच्याखाली भाजून लाल झाली. विहिरीतला तो पट्टा म्हणजे दोन आगींच्या मधली सुट्टी होती. तिच्याबद्दल मी वाचलं होतं. तिला हात लावला तो त्या दिवशी.

बादलीत उकिडवा बसल्या बसल्या मला एक दुपार दिसली. उंच नेच्यांची झाडं, त्यांच्या मुळाशी साचलेलं हिरवं पाणी, पाण्याच्या काठावर कुणाच्या तरी मोठ्या पायाचा ठसा, त्यात मावलेलं आभाळ. कुठलंतरी जनावर शेपटी ओढत शांतपणे निघून गेलेलं. त्या दुपारी कुणालाच काही ठाऊक नव्हतं. उत्तरेकडून एक मंद उजेड येत होता आणि तो दर दिवशी थोडा जवळ येत होता, इतकंच. ते सगळे प्राणी कशानं संपले यावर विद्वानांचं अजून एकमत नाही. कोणी म्हणतात आभाळातून पडलेल्या उल्केनं, कोणी म्हणतात आमच्याच दख्खनच्या आगीनं, त्या धुरानं, काळवंडलेल्या उन्हानं. कोणी दोन्ही म्हणतात. कारंज्यात आमच्या शेजारी कापडाचं दुकान असलेले एक जैन गृहस्थ राहतात. त्यांना मी हे एकदा सांगितलं तेव्हा ते कापड मोजायच्या गजावर हात ठेवून म्हणाले, “म्हणजे इतके जीव गेले, तेव्हा ही काळी माती झाली. आणि तिच्यातल्या कापसावर आपण पोट भरतो.” मग हळूच म्हणाले, “सर, हे पोरांना सांगत जाऊ नका. झोप लागायची नाही.” त्यांना त्या रात्री झोप लागली की नाही, ठाऊक नाही. मला मात्र त्या धड्यानं कधी त्रास दिला नव्हता. जे संपलं ते इतकं जुनं होतं की त्याला दुःखाचा वास उरला नव्हता. ते सुंदरच वाटायचं.

हीच माझी चूक. सुंदर वाटण्यापासूनच ती सुरू झाली.

बहीण आसेगावला दिलेली. भाऊजींची संत्र्याची बाग होती, जुनी विहीर आटत चालली म्हणून त्यांनी नवी खणायला घेतली. बहिणीच्या घरचं शुभकार्य म्हणून माहेरचा माणूस हवा, तेव्हा पहिली कुदळ माझ्या हातून मारून घेतली होती. नारळ फोडून मिस्त्रीनं मला तेव्हाच सांगितलं होतं, “गुरुजी, आमच्यात कुदळ मारनाऱ्याचा शब्द इहीर पुरी होईतोवर मोडत नाई. तवा जे बोलसान ते जपून बोला.” सगळे हसले होते. मीही हसलो होतो.

त्या दिवशी विहिरीच्या तळाशी आम्ही दोघंच होतो. भाऊजी कुणाच्या लग्नाला मानोऱ्याला गेलेले. मिस्त्री मला समजावत होता, अगदी सोप्या शब्दांत, मी वर्गात समजावतो तसं. काळा दगड उघडा राहिला तरी चालतो. मांजऱ्याही एखाद वेळी चालतो. पण गेरू नाही. “कोरडा हाय तोवर दगड. एकदा पानी पेला की लोनी. त्याच्या डोक्यावर बसलेला समदा पाथर मंग खाली येते. म्हनून पान्याच्या आदी दगडाचं बांधकाम करून त्याले चारी बाजून झाकाचं. गेरूले पानी दाखवाचं नाई, गुरुजी.”

मी म्हणालो, “तीन हात उघडा ठेवा. पूर्वेकडच्या बाजूनं. बाकी सगळा झाका.”

“कायले?”

“दिवाळीनंतर मी वर्गातली पोरं आणीन. त्यांना पाहू द्या. असं पुस्तकात नाही दिसत.”

तो हसला. “पोराईले चित्र दाखवा ना.”

आणि तेव्हा मी ते वाक्य बोललो. मी म्हणालो, “मिस्त्री, ही माती लाव्ह्यानं भाजली आहे. भट्टीत भाजलेली वीट आहे ही. वीट कधी पाण्यात विरघळते का?”

त्यानं पट्ट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तो आयुष्यभर त्या पट्ट्याशी हातानं बोलत आला होता. मी दोन-तीन पुस्तकांतून. पण मी भूगोलाचा गुरुजी होतो, माहेरचा माणूस होतो आणि कुदळ माझ्या हातची होती.

“मालकाले इचारा,” तो म्हणाला.

“मी सांगतो त्यांना,” मी म्हणालो. “तुम्ही बोलू नका, माझं मीच सांगीन.”

त्यानं तीन हात सोडून बाकीचं बांधकाम केलं. फार देखणं केलं, उघड्या भागाच्या दोन्ही कडा घासून साफ केल्या, जणू खिडकीची चौकट. काठावरून पाहिलं तर सावलीत ते दिसायचंही नाही. भाऊजी लग्नाहून परतले तेव्हा मी कारंज्याला निघून गेलो होतो. पुढच्या रविवारी सांगू म्हटलं. पुढच्या रविवारी विहिरीला पाणी लागलं होतं, बहिणीनं पुरणपोळी केली होती, मिस्त्रीला नवा शेला दिला होता, पहिल्या पाण्याचा पहिला तांब्या त्याला प्यायला दिला होता. इतक्या आनंदात त्या तीन हातांचा विषय कुठं काढायचा, असं झालं. मग विसरलो असं मी स्वतःला सांगितलं. विसरलो नव्हतो. रोज रात्री झोपायच्या आधी त्या चौकटीतून मला ती नेच्यांची झाडं दिसायची आणि मी समाधानानं डोळे मिटायचो.

श्रावणात तीन दिवस संततधार लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी शाळेत बहिणीचा फोन आला. “बापू, इहीर बसली,” ती म्हणाली. मोठा ट्रक दगड ओतून गेल्यासारखा आवाज झाला म्हणे. पूर्वेची सगळी बाजू आत आली होती. विहीर निम्म्याच्या वर भरली, खाली सोडलेली मोटर गाडली गेली. जीव कुणाचा गेला नाही. हे मी अनेक वर्षं स्वतःला औषधासारखं देत आलो की जीव कुणाचा गेला नाही.

आठवड्यानं भाऊजींनी मिस्त्रीला बोलावलं. घरी नाही, आसेगावच्या मारुतीच्या पारावर. मीही होतो. वीस-पंचवीस माणसं असतील, बाजूच्या टपरीवरून चहा आला होता. भाऊजी तापट नाहीत, पण त्या दिवशी त्यांचा आवाज फाटला होता. उरलेल्या बांधकामाची कड त्यांनी दोर लावून उतरून पाहिली होती. कड तुटलेली नव्हती, साफ होती. म्हणजे तिथं बांधलंच नव्हतं.

“गेरू उघडा ठेवला तुनं,” भाऊजी म्हणाले. “काम चोरलं.”

“मालक, मी काम चोरत नाई.”

“मंग उघडा काहून राह्यला? सांग ना! या लोकाईले सांग!”

मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, विनवून नाही. वर्गात एखाद्या मुलाला उत्तर येत असतं आणि तो हात वर करत नसतो, तेव्हा आपण त्याच्याकडे जसं थांबून बघतो, तसं. माझ्या हातात चहाचा कप होता. मी त्यातून एक घोट घेतला. मग आणखी एक.

पाराच्या कट्ट्यावरून कुणीतरी म्हणालं, “त्याच्या हातालेच खोट हाय मंग.” कुणीतरी हसलं. मिस्त्रीनं खांद्यावरचा शेला काढला, घडी केली, पुन्हा खांद्यावर टाकला आणि तो चालू लागला. तो बहिणीनंच दिलेला शेला होता.

त्यानंतर त्या भागात त्याला विहिरीचं काम मिळालं नाही. विहीर ही गोष्ट अशी आहे की माणूस तिच्याबाबत धोका घेत नाही. हाताला खोट आहे असं एकदा पारावर बोललं गेलं की ते गावोगावच्या बाजारात जाऊन पोचतं. भाऊजींनी पुढच्या उन्हाळ्यात पाण्यावाचून सुकलेली संत्र्याची झाडं तोडली. नंतर त्यांनी बोअर घेतलं, सोयाबीन-तुरीवर आले, संसार चालला. मिस्त्री खडी फोडायच्या मशीनवर कामाला लागला असं कानावर आलं. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

बारा वर्षं मी धडा शिकवत राहिलो. इटलीतल्या त्या शहराबद्दल, जिथं राख माणसांवर बसली आणि आतले देह कुजून गेल्यावर राखेत माणसांच्या आकाराच्या पोकळ्या उरल्या. आइसलंडच्या भेगेबद्दल, जिच्यातल्या विषारी वायूनं गवत मेलं आणि गवतामागून गुरं. आणि सगळ्यात जास्त वेळ मी घालवायचो तो तांबोरा पर्वतावर. दोनशे वर्षांपूर्वी पूर्वेच्या समुद्रातल्या एका बेटावर तो फुटला. त्याची राख आणि त्याचा गंधकाचा धूर आभाळात इतका वर गेला की साऱ्या पृथ्वीभर एक झिरझिरीत पडदा पसरला. पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा आलाच नाही. पिकं हिरवीच कुजली. अमेरिकेत ऐन उन्हाळ्यात बर्फ पडला. आपल्याकडे पाऊस बिघडला, आणि बंगालात पटकीची साथ उसळली ती त्यातूनच असावी, असंही काही अभ्यासक म्हणतात.

हे सांगताना माझा आवाज मऊ व्हायचा. एखादा शेतकरी, नाव-गाव नसलेला, हजारो मैलांवरच्या एका गावात सकाळी उठतो. सूर्य त्याला तांब्याच्या जुन्या पैशासारखा दिसतो. त्याच्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहता येतं. तो शेतात जातो, कणसात दाणा नसतो. त्याचं काही चुकलेलं नसतं. मी मुलांना सांगायचो की संध्याकाळी त्या वर्षी विलक्षण रंग यायचे, आभाळ जांभळं, केशरी व्हायचं, लोक थांबून बघायचे. मला ते रंग दिसायचे.

गेल्या वर्षी एका मुलीनं विचारलं, “सर, मग त्या लोकांनी कोणाला दोष दिला?”

मी म्हणालो, “त्यांना त्या डोंगराचं नावही माहीत नव्हतं. कोणी देवाला दिला, कोणी स्वतःच्या पापाला. कोणी शेजाऱ्याला. जो जवळ होता, ज्याच्या बाजूनं बोलणारं कुणी नव्हतं, त्याला दिला.”

“आणि डोंगर?”

“डोंगर दूर होता,” मी म्हणालो. “डोंगर गप्प होता.”

धडा तिथंच सोडला. मी फळ्याकडे तोंड केलं, पृथ्वीचा गोल काढला, त्यावर एक ठिपका दिला आणि तास संपेपर्यंत त्या ठिपक्याभोवती खडू फिरवत राहिलो. मुलांना वाटलं सर राख दाखवताहेत.

त्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी एसटीनं मंगरूळपीर आणि तिथून आसेगावला गेलो. थंडीचे दिवस होते, तुरी पिवळ्या झाल्या होत्या. खिडकीतून काळी रानं मागे पळत होती आणि मला ती दगडाची वाटत नव्हती. सगळं अजून वाहतंय, फक्त फार हळू, आणि बस त्याच्यावरून तरंगत चाललीय, असं काहीतरी वाटत होतं. कदाचित मला ताप असेल.

बहीण अंगणात सुपात तूर पाखडत होती. मी तिच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं, कुदळीपासून चहाच्या कपापर्यंत. तिचं सूप थांबलं नाही. सांगून झालं तेव्हा तिनं फोलपटं एका बाजूला फुंकली.

“मंग बारा वर्सं मूग गिळून बसला होता व्हय?”

“हो.”

“बह्याडा,” ती म्हणाली. “मास्तर झाला, पन बह्याडच राह्यला. मले कायले सांगून राह्यला? म्या त्याले कवा शिवी देली? ज्यानं देली तो गोठ्यात हाय. जाय.”

मी उठलो नाही. ती म्हणाली, “झाडं तोडली तवा मी दोन दिस जेवली नाई. त्या मिस्त्रीले मनातल्या मनात लय शाप देले म्या. आता ते कोनाले फिरवून देऊ? तुले? तू माहा भाऊ हायस.” आणि तिचे डोळे भरले. मग मी उठलो.

भाऊजींनी म्हशीच्या पाठीवरचा हात काढला नाही. ऐकून झाल्यावरही ते म्हशीलाच बघत होते.

“तुमी?” ते म्हणाले.

“मीच.”

“आन् मी त्याले पारावर...” ते थांबले. “चार मान्सात नाई. पंचवीस मान्सात.”

एवढंच. मला शिव्या हव्या होत्या, त्या त्यांनी दिल्या नाहीत. सकाळी त्यांनी मोटरसायकल काढली आणि मागे बसा म्हणून मान हलवली. आसेगाव ते मानोऱ्याकडचा तो तांडा, अख्खा रस्ता ते समोर बघत गाडी हाकत राहिले. धुकं होतं. त्यातून पळसाची झाडं एकेक करून पुढं यायची, जवळ आली की झाडं व्हायची आणि मागं जाऊन पुन्हा धूर. त्या वेळी मला वाटत होतं की हा रस्ता संपू नये, असंच मागच्या सीटवर बसून राहावं, कुणाच्या तरी पाठीशी, काही न बोलता.

तांडा निम्मा रिकामा होता, माणसं ऊसतोडीला गेलेली. मिस्त्री घरासमोर उन्हात खाटेवर बसला होता. भुवया आता दगडाच्या भुकटीशिवायच पांढऱ्या होत्या, आणि गुडघे चादरीनं गुंडाळलेले. भाऊजींना पाहून तो उठू लागला.

“बसा, बसा,” भाऊजी म्हणाले. आणि मग हा कधी कुणासमोर न वाकलेला माणूस खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसला. मीही बसलो. मी तिसऱ्यांदा तेच सांगितलं. खरं तर त्याला सांगण्यासारखं त्यात काहीच नव्हतं, त्याला सगळं माहीत होतं.

दारातून त्याच्या बायकोचा आवाज आला. “आता आले व्हय? आमचे दात पडल्यावर?”

“चाय ठेव व,” मिस्त्री तिला म्हणाला. मग माझ्याकडे वळला. “गुरुजी, त्या दिशी मी वाट पाह्यली तुमची. मी म्हनलो, आता बोलते गुरुजी, आता बोलते. तुमची चाय संपली, तरी नाई बोलले.”

“तुम्ही का नाही बोललात?” हे विचारायचा मला अधिकार नव्हता, तरी विचारलं.

“मी बोललो असतो त काय म्हनले असते लोक? आपलं पाप गुरुजीवर ढकलते म्हनले असते. तुमी म्हनले होते, मी सांगतो. मंग तुमचंच काम होतं ना ते.” तो गुडघे चोळत होता. “मले इहीर बसल्याचं दुख नाई. इहिरी बसतात. पन मले गेरू समजत नाई असं म्हनले. ते लागलं. माह्या बापाले समजत होता, त्याच्या बापाले समजत होता.”

भाऊजींनी खिशात हात घातला. मिस्त्रीनं मान हलवली. “ते नोको. ते झालं गेलं.”

“मंग काय करू? बोला तुमी,” भाऊजी म्हणाले.

“तुमी काई नोका करू. तुमाले खोटं सांगितलं नाई कोनी, कोनी काई सांगितलंच नाई.” त्यानं माझ्याकडे बोट केलं. “हे इथं सांगून राह्यले, तुमच्याजवळ सांगितलं असन, बहिनीजवळ सांगितलं असन. मले जिथं म्हनलं तिथं सांगा, गुरुजी. बस.”

चहा आला. त्याच्या बायकोनं माझ्या हातात कप दिला, आणि तो हातात धरून ठेवणं मला फार कठीण गेलं.

ठरलं ते पुढच्या मंगळवारी. मी रजा काढली. भाऊजींनी मिस्त्रीला स्वतः गाडीवर आणलं. मी मनाशी पुष्कळ जुळवलं होतं, शब्द कसे असावेत, दख्खनपासून सुरुवात करावी का, मुलांना सांगतो तसं हळूहळू त्या पट्ट्यापर्यंत यावं का. पारावर पोचल्यावर ते सगळं विरून गेलं. बारा वर्षांपूर्वीची माणसं आता थोडीच उरली होती. दोघं-तिघं वारले होते, काही पुण्याला पोरांकडे गेले होते. आठ-दहा जण बसले होते, त्यातले निम्मे मोबाईलमध्ये. सकाळचं ऊन पिंपळातून पडत होतं आणि सगळं जरा दूर, जरा काचेपलीकडे असल्यासारखं वाटत होतं.

भाऊजी म्हणाले, “गुरुजीले काई बोलाचं हाय.”

मी उभा राहिलो. म्हणालो, बारा वर्षांपूर्वी माझ्या बहिणीची विहीर बसली, ती मिस्त्रीमुळे नाही. गेरू उघडा ठेवायला मी सांगितलं होतं. ते मी लपवलं. मिस्त्री नको म्हणत होते.

“कोनती इहीर?” एका तरुणानं शेजाऱ्याला विचारलं.

“ते संत्र्याच्या बागेतली, बुजली ते,” एक म्हातारा म्हणाला. आणि मला म्हणाला, “गुरुजी, तुमची इहीर बारा वर्सानं बसली म्हना की!” दोघं-चौघं हसले. म्हातारा मग हसायचा थांबला. बहुतेक त्याला आठवलं असावं की हाताला खोट आहे असं त्या दिवशी कोण म्हणालं होतं. तो जागेवरच थोडा सरकला आणि कट्ट्यावर बाजूला जागा केली. “या मिस्त्री, वर बसा,” तो म्हणाला.

मिस्त्री पारावर आला नव्हता. टपरीच्या पलीकडे, रस्त्याच्या कडेला, काठीवर भार देऊन उभा होता. तिथूनच तो म्हणाला, “इथं मांगं आवाज नाई आला, गुरुजी.”

सगळ्यांनी मान वळवून आधी त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. मोबाईलवाल्यांनीही पाहिलं. टपरीवाल्यानं स्टोव्ह बारीक केला. मी वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचावा म्हणून लावतो तो आवाज लावला, आणि पहिल्या शब्दापासून पुन्हा सांगायला लागलो.